उघड्या पत्र्यावर पहिला हात कशाचा?

या महिन्याचे प्रश्न वाचत बसलो तर लक्षात आलं की निम्म्याहून जास्त जणांनी फिरून फिरून एकच विचारलंय, गाडीचा पत्रा घासून उघडा केला, आता त्याच्यावर प्रायमर कोणता मारू. म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच दिली. कूलंट आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न (चिपळूण): नमस्कार दादा, वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे आमच्याकडे. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. इंजिनचं आणि वायरिंगचं काम तेव्हाच करून घेतलं पण आता दारांच्या खालच्या कडा, मडगार्ड आणि डिकी गंजायला लागली म्हणून जुना रंग काढायला घेतलाय. दोन दारं आणि एक मडगार्ड पूर्ण उघडं झालंय, चकचकीत पत्रा दिसतोय. आमचा पेंटर म्हणतो रेड ऑक्साइडचे दोन हात मारू, आयुष्यभर तेच मारलंय. रंगाच्या दुकानदाराने वॉश प्रायमरचा डबा काढून दिला. भाचा पुण्याला कंपनीत आहे तो म्हणतो मामा इपॉक्सीच मार. तिघांची तीन मतं. वरून रंग पीयू (पॉलियुरेथेन) मारायचाय. काय करू?

उत्तर: इपॉक्सी. टू-पॅकवाला, म्हणजे ज्याच्यासोबत हार्डनरचा वेगळा डबा येतो तो. भाच्याचं ऐका.

पण नुसतं नाव सांगून तुमचं काम भागणार नाही, कारण उद्या पेंटर विचारेल का, आणि त्याला नीट सांगता आलं नाही तर तो त्याच्या सवयीचंच मारणार. बघा, उघड्या लोखंडाला गंज लागायला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि हवा, आणि मीठ असलं की हे काम कितीतरी पट लवकर होतं. वरचा चकचकीत रंग ओल पूर्ण अडवत नाही, अगदी थोडी का होईना वाफ आत जातेच. ती पत्र्यापर्यंत पोचू न देणं आणि पत्र्याला घट्ट धरून राहणं हे काम खालच्या पहिल्या थराचं. म्हणून मी प्रायमरला रंगाचा थर समजतच नाही, ते झाकण आहे. झाकणात भोकं असतील तर वर कितीही भारी रंग मारा.

आता रेड ऑक्साइड. आपल्याकडे त्याच्यावर एवढा विश्वास का बसला याचं कारण मला वाटतं त्याचा रंग. पूर्वी लोखंडाला, पुलांना, जहाजांना शिशाचा शेंदरी प्रायमर मारायचे, ज्याला रेड लेड म्हणतात, म्हणजे मूळचा आपला शेंदूरच. तो खरोखर गंज रोखून धरायचा पण शिसं विषारी म्हणून तो मागे पडला. त्याच्या जागी जो लालसर डबा आला त्यात लोहाचं ऑक्साइड, रंग साधारण तसाच दिसला म्हणून भरवसाही तसाच पुढे चालू राहिला. पण लोहाचं ऑक्साइड स्वतः गंज थांबवत नाही, तो फक्त रंग आहे. गंज थांबवायचं काम करायला त्यात झिंक क्रोमेट नाहीतर झिंक फॉस्फेट घालतात (आयएस २०७४ वाला रेड ऑक्साइड झिंक क्रोम म्हणतात तो हाच), आणि स्वस्त डब्यात ते किती आहे हे आपल्याला दिसत नाही. खिडकीच्या ग्रिलला, गेटला, जिन्याच्या कठड्याला मारा ना, दर दोनतीन वर्षांनी परत हात मारायचा असतो तिथे चालतं. गाडीला नाही. कारण अजून एक आहे, हा तेलकट अल्किडचा प्रायमर एकाच डब्यातला, हवेवर सुकणारा, आणि त्याच्यावर तुम्ही पीयूचं कडक थिनर मारलं की तो खालून मऊ पडतो, सुरकुत्या येतात, पूर्ण थर उचलला जातो. पेंटरच्या आयुष्यभराच्या अनुभवात तसं झालं नसेल कारण तेव्हा वर साधा ऑइल पेंट किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग जायचा आणि बहुतेक वेळा तोही पातळ हातांनी. तुम्हाला पीयू मारायचाय, हिशोब बदलला.

वॉश प्रायमर, ज्याला एच (etch) प्रायमर पण म्हणतात, वाईट नाही अजिबात. त्यात पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाची राळ आणि फॉस्फरिक अॅसिड असतं, अॅसिड पत्र्याला चावतं आणि पत्रा आणि राळ एकमेकांत रुततात, म्हणून पकड जबरदस्त. पण थर अगदी पातळ, साधारण १० मायक्रॉनच्या आसपास, पारदर्शक वाटेल इतकाच मारायचा असतो, जाड मारला तर आतलं अॅसिड अडकून बसतं आणि वरचं सगळं सोडतं. म्हणजे तो पकड देतो, झाकण देत नाही. वॉश प्रायमर मारून गाडी आठवडाभर अंगणात उभी केली तर त्याच्या आतून गंज येणार. कंपनीत किंवा मोठ्या बॉडीशॉपमध्ये वॉश प्रायमर, त्याच दिवशी त्याच्यावर टू-पॅक सरफेसर (रंगाच्या आधीचा, घासून सपाट करायचा थर), लगेच रंग असं चालतं तिथे तो बसतो. तुमचं काम महिनोन् महिने चालणार, एकेक पॅनल होणार, मधे मधे थांबणार. तिथे इपॉक्सी.

इपॉक्सीत राळ आणि अमाइनचा हार्डनर एकत्र आले की रासायनिक बांधणी होते, ते नुसतं सुकत नाही, घट्ट होतं, आणि पुन्हा थिनरने विरघळत नाही. ओल त्याच्यातून फारच कमी जाते. त्याच्यावर लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुट्टी) बसते, सरफेसर बसतो, पीयू बसतो. एकच कमजोरी म्हणजे ऊन, उन्हात उघडा राहिला तर वरून खडूसारखा होतो, म्हणून शेवटी वर रंग पाहिजेच. पण सावलीत झाकलेल्या गाडीवर दोन हात इपॉक्सीचे असतील तर तुम्ही निवांत झोपू शकता, काम पुढच्या महिन्यात केलंत तरी चालेल.

आता तुम्ही जे केलंय त्यातली एक गोष्ट मला खटकली ती सांगतो. दोन दारं आणि मडगार्ड एकदम उघडं करून ठेवलंत. चिपळूणची हवा, त्यात पुराचं पाणी बसलेला पत्रा. चकचकीत दिसतोय म्हणता पण सकाळी हात फिरवून बघा, पिवळट झाक आली असेल. पत्रा ज्या दिवशी उघडा केला त्याच दिवशी झाकायचा, हा माझा नियम आहे आणि तो मी कोकणातल्या कुठल्याही गाडीला मोडू देत नाही. एक पॅनल सकाळी घासायला घ्या, संध्याकाळच्या आत त्याच्यावर इपॉक्सी गेला पाहिजे, नसेल जमत तर उद्या घासा. आता जे उघडे आहेत ते पुन्हा घासावेच लागतील, वाईट वाटून घेऊ नका, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

घासायचं कसं तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, आणि मग १८० ने ओरखडे थोडे बारीक करा. फार गुळगुळीत करू नका, प्रायमरला पकडायला ओरखडे लागतात, आरसा केलात तर पकडायला काही उरत नाही. जिथे गंजाचे खड्डे आहेत, म्हणजे वरून पत्रा पांढरा आणि खड्ड्याच्या तळाशी काळे ठिपके, तिथे पेपर पोचत नाही. तिथे फॉस्फरिकवालं गंज काढायचं पाणी ब्रशने लावा, दहापंधरा मिनिटं ओलंच ठेवा, घासा, परत लावा. पण हे महत्त्वाचं, नंतर ते भरपूर स्वच्छ गोड्या पाण्याने धुवायचं आणि लगेच पुसून हीटगन नाहीतर साध्या हेअर ड्रायरने कोरडं करायचं. अॅसिड राहिलं तर इपॉक्सीचा हार्डनर त्याच्याशी भांडतो, प्रायमर चिकट राहतो किंवा महिन्याभराने सोडतो. धुतल्यावर हलकी तांबूस झाक आली तर १८० चा एक हात फिरवा की झालं.

पत्रा स्वच्छ झाला की नाही हे बघायची एक सोपी पद्धत आहे. शेवटचं पाणी ओतताना बघायचं. पाणी सगळ्या पत्र्यावर एकसारखी पातळ चादर धरून राहिलं तर स्वच्छ. जिथे पाणी फाटून थेंब थेंब होतंय तिथे तेल आहे, परत पुसा. पुसायला रॉकेल, डिझेल, पेट्रोल यातलं काही नको, रॉकेल तर मागे तेलाचा थर ठेवतं आणि आपल्याकडे सर्रास तेच वापरतात. रंगाच्या दुकानात ग्रीस काढायचं सॉल्व्हेंट मिळतं ते घ्या, दोन फडकी घ्या, एकाने ओलं पुसायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. एकच फडकं फिरवत बसलात तर तेल इकडचं तिकडे होतं फक्त. आणि मग उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही, घामात मीठ असतं.

इपॉक्सी मिसळताना डब्यावरचं माप म्हणजे माप, डोळ्याने अंदाज नको, हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकेल असं काही नसतं, उलट कच्चा राहतो. काही इपॉक्सी ढवळल्यावर १५ ते ३० मिनिटं तसेच ठेवायला सांगतात मारायच्या आधी, डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. दोन हात पुरे. मग त्यावर किती तासात पुढचा थर मारला तर न घासता चालतो तेही लिहिलेलं असतं, ती वेळ टळली तर ३२० ने हलकं घासून मगच पुढे जायचं.

लांबी इपॉक्सीच्या वर भरा. मला माहितीये काही जाणकार लांबी थेट पत्र्यावर भरायला सांगतात आणि काही लांबीवाल्या कंपन्याही तसंच लिहितात, पण पॉलिस्टर लांबीत टाल्क असतं, ती पाणी शोषते, आणि कोकणात थेट पत्र्यावरची लांबी म्हणजे ओला स्पंज लोखंडाला बांधून ठेवल्यासारखं आहे. खाली इपॉक्सी, तो चांगला घट्ट झाला की ८० ते १८० ने ओरखडून लांबी, घासून सपाट केल्यावर जिथे पत्रा दिसला तिथे परत इपॉक्सी, मग टू-पॅक सरफेसर, तो ४०० नाहीतर ६०० ने घासून पीयू.

आणि शेवटी तुमच्या गाडीपुरतं. दाराच्या खालच्या कडा आतून गंजतात, बाहेरून नाही. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, त्या घडीत पुराचा गाळ अजून बसलेला असणार. दाराचं आतलं पॅड काढा, खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, पाण्याचा फवारा मारून गाळ काढा, दोनतीन दिवस उन्हात सुकू द्या, आणि बाहेरचं रंगकाम पूर्ण झाल्यावर त्या घडीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत सोडायचं मेण, सोडा. हे आधी सोडलंत तर मेण बाहेर झिरपून रंगाला खड्डे पाडेल. पण सोडलंच नाहीत तर बाहेरून जगातला सर्वात चांगला प्रायमर मारला तरी दोन पावसाळ्यात त्याच कडेला फुगे येतील. पद्मिनीचा पत्रा चांगला जाड आहे, कुर्ल्याला बनलेली ही गाडी आता रस्त्यावरून जवळजवळ गेलीच, वडिलांची आहे, थोडे दिवस जास्त लागू द्या.

प्रश्न (म्हापसा): सर, माझ्या मारुती ८०० चं बॉनेट आणि छप्पर गॅरेजमध्ये घासून रेड ऑक्साइड मारून वर पीयू पेंट केला. दोन महिन्यात छोटे छोटे फुगे आले, मोहरीएवढे, छपरावर जास्त. गॅरेजवाले म्हणतात ऊन जास्त आहे म्हणून, पुढच्या वर्षी परत मारून देऊ. वरूनच घासून परत रंग मारला तर चालेल का? खर्च फार झालाय हो.

उत्तर: ताई, आधी एक करा. ब्लेडने एक फुगा अलगद कापा आणि उचललेल्या रंगाची मागची बाजू बघा, आणि खाली काय आहे तेही बघा. त्यातच सगळं कळतं.

खाली पत्र्यावर तांबूस ठिपका आणि ओल असेल तर पत्र्यावर मीठ राहिलं होतं. समुद्राजवळच्या हवेतलं मीठ घासलेल्या पत्र्यावर बसतं, डोळ्याला दिसत नाही, सॉल्व्हेंटने पुसून जातही नाही कारण मीठ पाण्यात विरघळतं, सॉल्व्हेंटमध्ये नाही. वर रंग गेला की ते मीठ रंगाच्या आतून पाणी ओढून घेतं आणि फुगा येतो. म्हणून गोव्यात आणि कोकणात घासल्यावर गोड्या पाण्याने धुणं हे पुसण्याइतकंच महत्त्वाचं. खाली पत्रा पांढरा स्वच्छ असेल आणि रंगाची पाठ गुळगुळीत चकचकीत असेल तर तेल राहिलं होतं, बहुतेक रॉकेलचं फडकं. आणि लाल प्रायमर पत्र्याला चिकटून राहिलाय, फक्त वरचा रंग उचलला गेलाय, तर पीयूच्या थिनरने प्रायमर मऊ केला.

यापैकी कुठलंही असलं तरी वरून घासून परत मारून उपयोग नाही. वाईट वाटतं सांगायला पण फुग्याचं कारण खाली आहे, वरचा नवा थर खालच्या सैल थराला धरून किती दिवस राहणार. ऊन हे कारण नव्हे, उन्हाने फक्त लवकर दिसलं. पत्र्यापर्यंत काढावं लागेल, पण दोन पॅनल एकदम करू नका, आधी छप्पर करून घ्या कारण तिथे पाणी साचतं आणि ते गंजून भोक पडलं तर दुरुस्ती कठीण, बॉनेट गरज पडली तर बदलता तरी येतं. आणि गॅरेजवाल्यांकडे पुढच्या वर्षाची वाट बघू नका, फुगा कापून आत्ताच त्यांना दाखवा, फोटो काढून ठेवा, आणि करून देणार असतील तर टू-पॅक इपॉक्सी मारणार हे बिलावर लिहून घ्या. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगायला संकोच करू नका.

प्रश्न (पुणे): अपघातात पुढचं मडगार्ड गेलं, नवीन मागवलं ते काळ्या रंगाचं आलंय. मित्र म्हणतो काळं सगळं काढून इपॉक्सी मार. खरं का?

उत्तर: थांबा, काढू नका! ते काळं बहुतेक ईडी कोट आहे, कारखान्यात पॅनल टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला आणि भट्टीत भाजलेला प्रायमर, साधारण २० मायक्रॉनचा, घडीत कोपऱ्यात सगळीकडे पोचलेला. आपण गनने कधीच इतका चांगला थर देऊ शकत नाही. फक्त एक खात्री करा, फडक्यावर थिनर घेऊन कोपऱ्यात अर्धा मिनिट चोळा. फडकं काळं झालं, थर विरघळला, तर तो ईडी कोट नाही, वाहतुकीपुरता मारलेला स्वस्त रंग आहे, स्वस्त बनावटीच्या पॅनलवर असतो, तो मात्र पूर्ण काढायचा. नाही विरघळला तर ग्रीस पुसा, ३२० नाहीतर ४०० ने किंवा घासायच्या लाल जाळीने चमक घालवा, कुठे पत्रा दिसला तर तेवढ्यापुरता इपॉक्सी, वर सरफेसर आणि रंग.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्याकडे जुनी चेतक आहे, बॉडीचा डेंट काढून पत्रा उघडा केला, वॉश प्रायमर मारला, आता त्याच्यावर पुट्टी भरायची आणि मग इपॉक्सी. बरोबर ना?

उत्तर: नाही हो. दोन्ही ठिकाणी अॅसिड आडवं येतं. वॉश प्रायमरवर थेट पॉलिस्टर लांबी भरली की लांबीचा हार्डनर आणि खालचं अॅसिड जमत नाही, लांबी खालून नीट घट्ट होत नाही. इपॉक्सीचंही तेच, त्याचा हार्डनर अल्कली जातीचा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या जीपची दोन्ही मडगार्ड केली होती. दुकानदाराने सांगितलं खाली वॉश प्रायमर मार वर इपॉक्सी मार, दोघांची ताकद एकत्र होईल, मला ते पटलं, दुप्पट पैसे घालून दोन्ही मारले. रंग सुंदर आला. तीन महिन्यांनी चाकाचा दगड उडून एक टवका गेला आणि त्या टवक्यातून नख घातलं तर अख्खा थर पापडासारखा हातात आला, खाली पिवळट पातळ प्रायमर तसाच पत्र्यावर. दोन्ही मडगार्ड पुन्हा करून दिली, पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी डब्यासोबतचा माहितीचा कागद वाचल्याशिवाय एकावर एक थर मारत नाही. कागदावर स्पष्ट लिहिलं असेल की याच्यावर आमचा इपॉक्सी चालतो, तर चालतो. नसेल लिहिलं तर चालत नाही असं समजा.

तुम्ही वॉश प्रायमर काढून टाका, पातळच असतो, १८० ने लगेच निघेल. मग इपॉक्सी, लांबी, परत इपॉक्सी. चेतकची बॉडी पत्र्याचीच आहे, वेगळी चासी नाही, पत्रा गेला की गाडी गेली, म्हणून फूटबोर्डच्या खालची बाजू पण त्याच दिवशी इपॉक्सीने झाकून घ्या, तिकडे कुणी बघत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो.

प्रश्न (नाशिक): गाडी गेटला घासली, दाराला नाण्याएवढ्या जागी पत्रा दिसतोय. एवढ्यासाठी कॉम्प्रेसर, गन, दोन डबे? स्प्रे कॅन चालेल का?

उत्तर: चालेल की. एवढ्या छोट्या जागी एच प्रायमरचा स्प्रे कॅन मस्त काम करतो, दोन पातळ हात मारा, डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या आणि वर सरफेसर. तळाशी बटण असलेले टू-पॅक इपॉक्सीचे कॅनही मिळतात, बटण दाबलं की आत हार्डनर फुटतो आणि मग तो ठरावीक वेळातच संपवावा लागतो, महाग पडतात, एका नाण्यासाठी कशाला. फक्त कडेचा जुना रंग ३२० ने उतरता करून घ्या नाहीतर कड दिसत राहील. आणि आज उद्या करत बसू नका.

प्रश्न (सांगली): मी बावीस वर्षांचा आहे, काकांच्या गॅरेजमध्ये पेंटिंग शिकतोय. इपॉक्सी आणि पीयू मारताना तोंडाला रुमाल बांधतो, कधी पांढरा मास्क. काका म्हणतात सवय होते. संध्याकाळी छाती भरल्यासारखी वाटते. काय करू?

उत्तर: बाळा, सवय होत नाही. उलटं होतं. पीयूच्या हार्डनरमध्ये आणि टू-पॅक सरफेसरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा होतो, आणि एकदा शरीराने ते ओळखलं की पुढे अगदी थोड्याशा वासानेही श्वास अडकतो, मग हे काम कायमचं सोडावं लागतं. चांगले कारागीर यापायी घरी बसलेले मी बघितलेत. रुमाल काहीही अडवत नाही. पांढरा एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. किमान रबरी अर्धा मास्क पाहिजे, त्याला सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज आणि पुढे धुळीचा फिल्टर, कार्ट्रिज ठरलेल्या मुदतीत बदलायचे, काम झालं की हवाबंद पिशवीत ठेवायचे नाहीतर शेल्फवरच संपतात. मास्क आणि गालामधे दाढी आली तर तो बसत नाही. रोज पीयू मारत असाल तर खरं म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क पाहिजे, काकांना हे वाचून दाखव.

इपॉक्सीचा हार्डनर अंगावर उडाला की कातडीला खाज आणि पुरळ येतं आणि तेही वाढत जातं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाल. जुन्या गाडीचा पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर निघाला तर सुका घासू नको, त्यातल्या क्रोमियमने कॅन्सर होतो, पाणी लावून घास आणि तो गाळ पुसून गोळा कर. वाळूने ब्लास्टिंग करतात तिथे तर उभाच राहू नको, त्या धुळीने फुप्फुसं दगड होतात.

आणि छाती भरते म्हणतोस तर या आठवड्यात डॉक्टरकडे जा, आणि काय काय मारतो ते डब्यांचे फोटो काढून त्यांना दाखव. हे पुढे ढकलू नको.

प्रश्न (कुडाळ): गणपतीच्या आत गाडी रंगवून पाहिजे. पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर इपॉक्सी मारला तर चालेल का? शेडला भिंती तीनच आहेत.

उत्तर: होईल पण दिवस निवडावा लागेल. हवेतली ओल दाखवणारं छोटं मीटर बाजारात स्वस्तात मिळतं, ते घ्या. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर मारूच नका. दुसरं म्हणजे पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम पाहिजे. मीटरवर दवबिंदू दिसत नसेल तर सकाळी लवकर मारायचं टाळा, कारण रात्रीचा गार पत्रा सकाळच्या दमट हवेत घाम धरतो, आपल्याला दिसतही नाही आणि आपण त्या घामावर प्रायमर मारतो. दुपारी १२ ते ४, पाऊस उघडलेला असताना, पत्र्याच्या मागून हॅलोजन लावून तो हाताला कोमट लागला की मारा. दिवे, हीटर बंद करून मारा पण, थिनरची वाफ पेट घेते.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काम सुरू करायच्या आधी सोडा आणि जेवणानंतर परत सोडा, पावसात टाकीत पाणी पटकन जमतं, लाइनला पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर हे काम सुरूच करू नका. चौथ्या बाजूला ताडपत्री लावा पण वारा खेळायला वरखाली जागा ठेवा.

आणि गणपतीच्या आत सगळी गाडी होईल असं मला वाटत नाही. इपॉक्सीपर्यंत सगळी पॅनल एकेक करत आणून ठेवा, गाडी तशीच इपॉक्सीच्या करड्या रंगात वापरा, फक्त उन्हात उभी करू नका. मखराचं सामान आणायला करडी गाडी चालते. नवरात्र झाली, हवा कोरडी पडली, की ३२० चा हात मारून पुढचं काम घ्या.